सायकलचं सीट आणि 'आराम' नावाचं व्हेरिएबल

मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: सिनॉप्सिसमध्ये 'कार्यात्मक व्याख्या' लिहायची म्हणजे नेमकं काय करायचं? पुस्तकातलं वाक्य नेटच्या तयारीत तुमचं पाठ झालेलं असतंच. जी संकल्पना थेट मोजता येत नाही, ती कोणत्या कृतीने मोजणार ते सांगणं. पाठ होतं, पण डोक्यात शिरत नाही. म्हणून आज एक वेगळंच उदाहरण घेऊ या, रोड सायकलचं सॅडल. आपण त्याला सरळ सीट म्हणतो.

नवी रोड सायकल घेतली की पंधरा दिवसांत बरेच जण दुकानात परत जातात आणि जेलचं कव्हर घेऊन येतात. बूड दुखतंय म्हणजे सीट कडक आहे, कडक आहे म्हणजे मऊ करा. हे इतकं उघड वाटतं की तपासून बघावंसंही वाटत नाही. पण या साध्या तर्कात एक कार्यात्मक व्याख्या लपलेली आहे: आराम म्हणजे मऊपणा. आता ही व्याख्या दीडशे वर्षांत कशी कशी बदलली ते बघा.

1860 च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून व्हेलॉसिपीड निघायला लागल्या. पायडल थेट पुढच्या चाकाला आणि चाकांना लोखंडी धाव. इंग्रजांनी तिला 'बोनशेकर' म्हणजे हाडं खिळखिळी करणारी असं नावच ठेवलं. तेव्हा त्रास एकच होता, रस्त्याचे हादरे. त्यामुळे सीट लांबलचक पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर बसवलेलं असे. आराम म्हणजे हादरे कमी. पुढे 1885 मध्ये स्टार्लीची रोव्हर आली, 1888 मध्ये डनलपचा हवेचा टायर आला आणि हादऱ्यांचं बरंचसं काम टायरनेच उचललं. मूळ प्रश्न सुटला की खाली दबलेला प्रश्न वर येतो. इथे तो होता सीटच्या आकाराचा.

याच काळात बर्मिंगहॅमचे जॉन बोल्टबी ब्रुक्स दिसतात. 1866 पासून त्यांचा घोड्यांचं चामडी सामान बनवायचा धंदा होता. त्यांचा घोडा मेला, त्यांनी सायकल उसनी घेतली, सीटने छळलं आणि मग 1882 मध्ये त्यांनी स्वतःच्या सॅडलचं पेटंट घेतलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. इथे जरा थांबा. पेटंट हा दस्तऐवज आहे, घोड्याची गोष्ट मात्र कंपनी स्वतःच आवडीने सांगत आलेली आहे. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण दोन्हींना एकाच वजनाचा पुरावा धरून एका वाक्यात लिहिलंत, तर व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न तिथेच येईल. कल्पना मात्र खरोखर चांगली होती. चौकटीवर चामडं ताणून बसवायचं, म्हणजे ते झोळीसारखं थोडं दबतं आणि वापरता वापरता बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेतं. इथे आराम म्हणजे आकार जुळणं, मऊपणा नव्हे.

1890 च्या दशकात बायका मोठ्या संख्येने सायकल चालवायला लागल्या आणि डॉक्टर मंडळी जागी झाली. जागी झाली ती कशासाठी? 1895 मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट डिकिन्सन यांनी स्त्रियांच्या सायकलिंगवर लेख लिहिला. सॅडल विशिष्ट पद्धतीने वाकवून घेतलं तर घर्षणाने कामोत्तेजना होऊ शकते, ही त्यातली एक चिंता होती. म्हणजे सीटवर बसलेल्या बाईला दुखतंय का, यापेक्षा तिला बरं वाटतंय का, याचीच धास्ती! बाजाराने लगेच 'हायजिनिक' सॅडल आणली. स्पाल्डिंग कंपनी 'क्रिस्टी अॅनाटॉमिकल' सॅडल विकायची. बसायच्या दोन हाडांखाली दोन गाद्या आणि मधे मोकळी जागा. जाहिरातीत ओटीपोटाच्या हाडांचा सापळा त्या सीटवर बसवून दाखवलेला असे. आज दुकानात मधे खाच असलेलं जे आधुनिक सॅडल मिळतं, त्याची मूळ कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे. ती मागे का पडली? माझं मत असं की उत्तर बरोबर होतं, पण ते चुकीच्या प्रश्नाला दिलेलं होतं. नैतिक घबराट ओसरली आणि तिच्यावर उभं राहिलेलं डिझाइनही तिच्याबरोबर गेलं. शर्यतवाल्यांचं अरुंद, लांब टोकाचं सॅडल तेवढं उरलं आणि तेच 'खरं' सॅडल ठरलं.

विसाव्या शतकात मोजमाप आलं, पण ते ताकदीचं. 1967 मध्ये हॅम्ली आणि थॉमस यांनी सायकल-अर्गोमीटरवर दाखवलं की सीटची उंची पायाच्या आतल्या लांबीच्या 109 टक्के ठेवली तर सर्वांत चांगली कामगिरी निघते. उंची मोजायची ती पायडल खाली असताना, पायडलच्या दांड्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. तुमची आतली लांबी 80 सेंमी असेल तर 87.2 सेंमी. हा आकडा इतका लोकप्रिय झाला की पुढे तो 'योग्य उंची' म्हणूनच सांगितला जाऊ लागला. पण तो प्रयोग जास्तीत जास्त जोर लावण्याबद्दलचा होता. चार तास बसून राहण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. आपणही रेफरन्समधला आकडा उचलतो आणि तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता हे विसरतो. पायडलचंही तसंच. बुटाला खटकन अडकणारं लुकचं पायडल 1984 मध्ये स्कीच्या बाइंडिंगवरून आलं, 1985 मध्ये बर्नार्ड इनो ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला. गुडघ्यासाठी पाय थोडा फिरू द्यावा, हा विचार त्यानंतरचा.

आता गोष्टीतला खरा महत्त्वाचा भाग. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधल्या मऊ भागातून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. सीटचं पुढचं टोक, म्हणजे 'नोज', नेमकं तिथेच दाबतं. 1990 च्या दशकाच्या शेवटी मूत्ररोगतज्ज्ञांनी यावर आवाज उठवला आणि मोजायची गोष्टच बदलली. 2002 मध्ये युरोपियन युरॉलॉजीत जर्मन गटाचा एक पेपर आला. 20 निरोगी पुरुष, चार प्रकारची सॅडल, आणि मोजलं काय तर शिश्नाच्या त्वचेतला ऑक्सिजनचा दाब. अरुंद आणि भरपूर गादीच्या सीटवर तो 82.4 टक्क्यांनी घसरला. रुंद, बिनगादीच्या चामडी सीटवर 63.6 टक्क्यांनी. रुंद, मध्यम गादीच्या आणि नोज नसलेल्या सीटवर फक्त 20.3 टक्क्यांनी. पुन्हा वाचा: सगळ्यात जास्त गादी असलेलं सीट सगळ्यात वाईट निघालं. कारण समजायला सोपं आहे. गादी मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर उचलला जाऊन नको तिथे दाबतो. सीट पुरेसं रुंद असेल तर वजन हाडांवर राहतं. आता ते जेलचं कव्हर आठवा!

मग 2008. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या तक्रारींपासून अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं काम सुरू झालं होतं. श्रेडर आणि सहकाऱ्यांनी पाच महानगर भागांतल्या 90 पुरुष पोलिसांना सहा महिने नोज नसलेली सॅडल दिली. मधल्या भागावरचा दाब 66 टक्क्यांनी कमी झाला. आधीच्या सहा महिन्यांत बधिरपणा आलाच नाही असं सांगणारे 27 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेले. प्रश्नावलीतला लैंगिक कार्याचा स्कोअरही सुधारला. पण रात्रभर लावून ठेवायच्या रिगीस्कॅन यंत्राच्या मोजमापात काहीच फरक दिसला नाही.

आमच्या जर्नल क्लबमध्ये यावर जाम वाद झाला. एक बाजू म्हणाली, यंत्र खोटं बोलत नाही. दुसरी म्हणाली, बधिरपणा ज्याला होतो त्यालाच कळतो, यंत्राला काय कळणार? मी दुसऱ्या बाजूला होतो, पण अर्धवट. सीटला टोक नाही हे प्रत्येक पोलिसाला दिसत होतं, म्हणजे ब्लाइंडिंग शक्यच नव्हतं, आणि 'नवीन सीट चांगलं' ही अपेक्षा प्रश्नावलीत नक्की शिरते. दाब आणि स्पर्शसंवेदना मात्र वेगळ्या उपकरणांनी मोजली होती आणि तिथेही सुधारणा होती. एकच संकल्पना चार रस्त्यांनी मोजली म्हणून तर हा वाद घालता आला.

2018 मध्ये चित्र पुन्हा हललं. जर्नल ऑफ युरॉलॉजीत 2,774 सायकलस्वार, 539 जलतरणपटू आणि 789 धावपटू अशा पुरुषांची तुलना आली. सायकलवाल्यांचं लैंगिक कार्य इतरांपेक्षा वाईट नव्हतं. बातम्यांनी 'सायकल निर्दोष' असं म्हणून टाकलं. पण डिझाइन बघा: एका वेळचं सर्वेक्षण, सहभागी फेसबुक आणि क्लबमधून आलेले. ज्यांनी त्रासामुळे सायकल सोडली ते त्या क्लबात सापडतीलच कसे? शिवाय त्याच पेपरमध्ये उपयोगाच्या दोन गोष्टी होत्या: वीस टक्क्यांहून जास्त वेळ उभं राहून चालवणाऱ्यांत बधिरपणा कमी, आणि हँडल सीटपेक्षा खाली असलेल्यांत जास्त.

आणि बायका? 1895 मध्ये ज्यांच्या नावाने एवढा गोंधळ झाला, त्यांच्या बधिरपणाकडे नीट लक्ष जायला 2006 उजाडलं. गेस आणि सहकाऱ्यांनी 48 स्पर्धात्मक सायकलस्वार स्त्रियांची तुलना 22 धावपटूंशी केली आणि सायकलवाल्यांत संवेदना कमी आढळली. 2012 च्या त्यांच्या नंतरच्या एका पेपरमध्ये हँडल सीटपेक्षा खाली असेल तर मधल्या भागावर दाब वाढतो आणि संवेदना कमी होते, असं दिसलं. म्हणजे तक्रार सीटची, पण एक कारण हँडलमध्ये. फक्त सीटच मोजलं असतं तर हे कधीच सापडलं नसतं.

तुमच्याकडे रोड सायकल असेल तर या रविवारी करून बघा. कव्हर काढून ठेवा. हँडलच्या स्टेमखाली एक स्पेसर वाढवायला जागा असेल तर वाढवा, बाकी काही हलवू नका. नेहमीच्याच रस्त्यावर जा आणि किती मिनिटांनी बधिरपणा आला ते घरी येऊन वहीत लिहा. सीटची उंची पुढच्या रविवारी.