देवमाशाचं गाणं ओळखणाऱ्या दोघी

आज इतिहासातली एक गोष्ट ऐकू या. देवमासा गातो, हे जगाला कसं कळलं त्याची.

देवमासा नावापुरता मासा. तो पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. तेलासाठी आणि मांसासाठी माणसाने त्याची इतकी शिकार केली, की विसाव्या शतकात त्याच्या कितीतरी जाती संपत आल्या होत्या.

त्याच काळात अमेरिका आणि रशिया यांचं वैर होतं. रशियाच्या पाणबुड्यांची चाहूल लागावी म्हणून अमेरिकेच्या नौदलाने अटलांटिक महासागरात खोलवर हायड्रोफोन लावले. हायड्रोफोन म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारा माइक. हवेपेक्षा पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि खूप दूरवर पोचतो. बर्म्युडा बेटावर हे काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या इंजिनिअरच्या टेपवर मात्र हंबरल्यासारखे, कण्हल्यासारखे आवाज आले. ते हंपबॅक जातीच्या देवमाशाचे होते. शिकाऱ्यांना या आवाजावरून माग लागेल, या धास्तीने त्याने टेप कोणाला दिल्या नाहीत. शेवटी १९६७ साली केटी आणि रॉजर पेन हे जोडपं भेटलं, तेव्हा त्यांच्या हाती सोपवल्या. केटी संगीत शिकलेली होती. टेप ऐकताना दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

पुढे यंत्राने हे आवाज कागदावर रेषांच्या रूपात उतरवले. हेला मॅकवे ही गणित जाणणारी बाई. कागद पाहताना तिच्या लक्षात आलं, की त्याच रेषा त्याच क्रमाने पुन्हा येतात. म्हणजे हा नुसता गोंगाट नाही, हे गाणं आहे! एकेक गाणं सात मिनिटांपासून तीस मिनिटांपर्यंत चालतं. गातो तो नर.

१९७० साली या गाण्यांची रेकॉर्ड निघाली, ती लाखो लोकांनी ऐकली. १९७१ साली शास्त्रीय लेख छापला गेला. त्यावर नावं होती रॉजर पेन आणि हेलाचा नवरा स्कॉट मॅकवे यांची. शेतातलं, घरातलं काम आपण करतो आणि कागदावर नाव दुसऱ्याचं लागतं, हे आपल्याला नवीन नाही.

केटी पुढेही वर्षानुवर्षं टेप ऐकत राहिली. गाणं दरवर्षी थोडं थोडं बदलतं आणि एका भागातले सगळे नर तो बदल उचलतात, हे तिने शोधून काढलं. लिंडा ग्विनी या सहकारी बाईबरोबर तिला आणखी एक गोष्ट सापडली. लांबलचक गाण्यांत यमकासारखे आवाज येतात, बहुधा गाणं लक्षात राहावं म्हणून. जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांना पाठ राहिल्या, त्याही यमकामुळेच ना?

ज्याचं गाणं ऐकलं, त्याला मारवत नाही. देश-विदेशात लोक शिकारीविरुद्ध उभे राहिले, आणि १९८६ पासून देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. काही देशांनी ती मानली नाही, तरी हंपबॅक बऱ्याच समुद्रांत पुन्हा वाढले.

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र अजून फार थोडे आहेत. गोव्याजवळ पाण्यात लावलेल्या माइकवर त्यांचंही गाणं टिपलं गेलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, लक्ष देऊन ऐकणं हेही कामच आहे. गटाच्या बैठकीत जी कमी बोलते, तिचं आधी ऐकू या. आणि जिने काम केलं, तिचं नाव वहीत लिहू या.