जात कोणत्या विषयात शिकवतात?

शेतमजुराची मजुरी आणि त्याची जात एकाच माणसाच्या वाट्याला येतात. कॉलेजात मात्र मजुरी अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतात आणि जात समाजशास्त्राच्या. दोन खोल्यांमधल्या भिंतीत आपला प्रश्न गाडला जातो.

बाबासाहेबांनी ही भिंत मानली नाही. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातींवर निबंध वाचला. जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मूळ आहे, अशी त्यातली मांडणी. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना त्यांनी उपाय सांगितला तो औद्योगिकीकरणाचा.

हे दोन प्रवाह १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये एकत्र आले. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. श्रमविभागणी हा अर्थशास्त्राचा सिद्धांत. जन्माने ठरणारी उतरंड हा समाजशास्त्राचा विषय. दोन्ही शास्त्रे पक्की असल्याशिवाय जातीच्या समर्थकांचा हा युक्तिवाद असा मोडता आला नसता.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात ‘डबल मेजर’ची तरतूद आहे. दुसऱ्या मुख्य विषयात किमान ४० टक्के श्रेयांक मिळवले की एकाच पदवीत दोन मुख्य विषय. आपल्या तरुणांनी अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र ही जोडी जरूर घ्यावी.

पण घ्यायची कुठे? या जोडीसाठी दोन्ही विभाग पूर्ण हवेत, कायम प्राध्यापक हवेत. जिथे एकेक विभाग तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षकावर चालतो, तिथे ही तरतूद कागदावरच राहणार. शहरातल्या संपन्न कॉलेजला निवड आणि तालुक्याच्या कॉलेजला मिळेल तो विषय, ही शिक्षणातली नवी उतरंडच होय.

मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे १९२५ मध्ये बाबासाहेबांनी पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षणाची फारकत करायला विरोध केला होता. अध्यापन आणि संशोधन तुटू नये, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या मुलालाही उत्तम ज्ञानाचा हक्क आहे.

तेव्हा मित्रांनो, धोरणाचे कौतुक किंवा निषेध करून थांबू नका. आपल्या कॉलेजात कोणत्या जोड्या मिळतात, किती पदे रिक्त आहेत, हे प्राचार्यांना लेखी विचारा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

जयभीम!