ढेपेच्या पोत्यावरचा कायदा

मेहकर तालुका कापसाच्या वऱ्हाडातला. सरकीतून तेल काढल्यावर उरते ती ढेप, आणि इथल्या दुभत्या जनावराची मदार तिच्यावर. वऱ्हाडात 1897 साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, पण ढेपेत काय मिसळले आहे, हे त्यात कोणी विचारले नाही. इंग्लंडमध्ये मात्र 1893 सालीच खत व पशुखाद्य विक्रेत्यावर मालाची हमी देण्याचे बंधन आले होते. म्हणजे साहेबाच्या गाईला कायदा, वऱ्हाडच्या गाईला नशीब!

स्वातंत्र्यानंतर 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात पेंडीसह गुरांचा चारा आला. त्यामुळे सरकारला उत्पादन, भाव व वाटप यांवर आदेश काढता येत. 2006 च्या दुरुस्तीने चारा यादीतून गळाला. चाऱ्याचे बियाणे तेवढे राहिले.

त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्याने पशुखाद्याला 'अन्न' या व्याख्येतून स्पष्ट वगळले. तरी बुरशी लागलेल्या ढेपेतले अफ्लाटॉक्सिन हे विष गाईच्या पोटातून दुधात उतरतेच. दुधात त्याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी 2020 मध्ये आडवळणाने हात घातला: दुभत्या जनावरांचे व्यापारी खाद्य भारतीय मानकांप्रमाणे हवे, पोत्यावर मानक ब्यूरोचे चिन्ह हवे, असे निर्देश दिले. अंमलबजावणीच्या तारखा मात्र पुढे ढकलल्या गेल्या.

तेव्हा पशुपालकांनो, पोते घेताना आयएस 2052 हा मिश्र पशुखाद्याचा क्रमांक पाहा आणि पक्के बिल मागा.