'वेल' आणि 'कीन': रडण्याचे दोन शब्द आणि 1993 ची ती पहाट

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना अडखळलेलं तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज दोन इंग्रजी शब्द घेऊया. एक 'वेल' आणि दुसरा 'कीन'. यातला 'वेल' म्हणजे मांडवावर चढते ती वेल नाही. आणि आपण रेझ्युमेवर 'कीन लर्नर' असं ठोकून देतो, तो 'कीन'सुद्धा हा नाही. त्या 'कीन'चा अर्थ धारदार, उत्सुक. तो वेगळ्या घराण्यातला शब्द. आपले हे दोन्ही शब्द रडण्याचे आहेत. मोबाईलवरच्या कुठल्याही डिक्शनरीत टाकून बघा, दोघांपुढे जवळपास एकच अर्थ येईल: विलाप करणे, आक्रोश करणे. म्हणजे डिक्शनरीच्या हिशोबाने एक काढून दुसरा घातला तरी चालेल.

पण चालत नाही. का चालत नाही, ते समजून घ्यायला आपण आधी आयर्लंडला जाऊ, मग संस्कृतात डोकावू, आणि शेवटी तेरणेच्या खोऱ्यात, आपल्या लोहारा तालुक्यात येऊ.

एक आवाज, एक बोलणं

आधी 'वेल'. हा शब्द इंग्रजीत 1300 च्या सुमाराला दिसायला लागतो. बहुधा तो जुन्या नॉर्स भाषेतून आला, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून. त्याचं नातं इंग्रजीतल्या 'वो' या दुःखवाचक शब्दाशी जोडतात, आणि 'वो' मुळात नुसता एक उद्गार आहे. आपण कसं 'हाय!' म्हणतो, तसा. थोडक्यात, 'वेल'च्या मुळाशी आवाज आहे. म्हणूनच इंग्रजीत तान्हं बाळ 'वेल' करतं, ॲम्ब्युलन्सचा सायरन 'वेल' करतो, वादळी वारासुद्धा 'वेल' करतो. त्यासाठी शब्द लागत नाहीत, आणि समोर ऐकणारं कुणी असावं अशीही अट नाही.

आता 'कीन'. हा शब्द इंग्रजांनी आयरिश भाषेतून उचलला, तोही बराच उशिरा, 19 व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात. आयर्लंडमध्ये माणूस गेला की प्रेताभोवती बायका बसायच्या. त्यांच्यातली एक पुढे होऊन बोलायला लागायची. ती मेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची. तो कुणाचा कोण, त्याच्या घराण्यात कोण कोण होऊन गेलं, त्याच्या दारातून कुणी उपाशी कसं गेलं नाही, हे सगळं ती एका लयीत सांगायची. मध्येच त्याच्यावर रागवायची, 'आम्हाला टाकून का गेलास' म्हणून. तिचं कडवं संपलं की बाकीच्या बायका एकदम रडण्याचा सूर धरायच्या. हे 'कीनिंग'. काही बायका त्यात इतक्या तरबेज असायच्या की त्यांना मुद्दाम बोलावणं जायचं आणि मोबदलाही मिळायचा. आपल्याकडे राजस्थानातल्या रुदाली ठाऊक आहेत, महाश्वेता देवींच्या कथेमुळे आणि कल्पना लाजमींच्या सिनेमामुळे. साधारण तसंच.

'कीन'मध्ये काय काय असू शकतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1773 चं आहे. कॉर्क परगण्यात आर्ट ओ'लिअरी नावाच्या तरुणाला गोळी घालून मारलं. स्थानिक मॅजिस्ट्रेट अब्राहम मॉरिस याच्याशी त्याचं वैर होतं. आर्टची बायको आयलीन हिने नवऱ्यासाठी जो शोक केला, तो लोकांनी तोंडपाठ ठेवला, पुढे तो कागदावर उतरला, आणि आज आयरिश साहित्यात त्याला फार वरचं स्थान आहे. त्यात नवऱ्याच्या रूपाचं वर्णन आहे, संसाराच्या आठवणी आहेत, आणि ज्याने हे घडवून आणलं त्या मॉरिसला नाव घेऊन दिलेला शापही आहे. प्रेतापाशी बसून ती जे बोलली ते अडीचशे वर्षं टिकलं. एका अर्थाने ती साक्ष होती.

चर्चला हे पटत नव्हतं. 17 व्या शतकापासून आयर्लंडमधल्या धर्मसभा 'कीनिंग'वर बंदी घालत होत्या. नंतर शिकलेल्या लोकांनाही त्याची लाज वाटायला लागली: हे काय गावंढळासारखं रडणं! 20 व्या शतकाच्या मध्यापर्यंत ही प्रथा जवळजवळ संपली. बंदी घालणाऱ्यांना त्यात फक्त आरडाओरडा ऐकू येत होता. म्हणजे 'कीन'ला ते 'वेल' समजत होते.

आपल्याकडचे शब्द

मराठीत रडण्याच्या शब्दांची काही कमी नाही. टाहो, आकांत, आक्रोश, विलाप, हंबरडा. यातले तीन उघडून बघू.

'हंबरडा' सरळ गोठ्यातून आलाय. वासरासाठी गाय हंबरते, ते हंबरणं. माणूस हंबरडा 'फोडतो', कारण तो आतून फुटून बाहेर येतो. त्यात शब्द नसतात. हा आपला 'वेल'.

'विलाप'च्या पोटात मात्र 'लप्' धातू आहे, आणि 'लप्' म्हणजे बोलणं. संवादाला 'संलाप' म्हणतात, असंबद्ध बडबडीला 'प्रलाप', आणि दुःखाने बोलणं म्हणजे 'विलाप'. म्हणजे विलापात बोलणं हवंच. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त रतीचा विलाप आहे, 'रघुवंशा'त अजराजाचा आहे. हो, पुरुषही करायचे. आणि महाभारताच्या स्त्रीपर्वात युद्ध संपल्यावर गांधारी रणांगणावर येते, पडलेल्या एकेकाला ओळखते, एकेकाबद्दल बोलते, आणि शेवटी कृष्णाला शाप देते. आयलीनची आठवण झाली ना? दोघींच्याही शोकाच्या शेवटी हिशोब मागितलेला आहे.

तिसरा शब्द 'आक्रोश', आणि याची गंमत वेगळी. त्यात 'क्रुश्' धातू आहे, म्हणजे ओरडणं. संस्कृतात 'आक्रोश'चा अर्थ कुणाला तरी उद्देशून ओरडणं, दूषणं देणं असाही होतो. त्यामुळे 'आक्रोश मोर्चा' असा फलक दिसला तर तो शब्द आपल्या जुन्या अर्थाकडे गेलाय असं समजा. याच धातूपासून 'क्रोश' झाला, आणि 'क्रोश'चा झाला 'कोस'. दोन कोस, चार कोस म्हणतो तो. माणसाची हाक जिथवर ऐकू जाते, तेवढं अंतर. अंतर मोजायला आपल्या पूर्वजांनी ओरडणं वापरलं! हा कोस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मयतीचं घर

मराठवाड्यातल्या खेड्यात मयत झाली की काय होतं, ते तुमच्यापैकी अनेकांनी बघितलंय. पाव्हण्या बायका घराच्या अलीकडूनच सूर धरतात. दारात आल्या की घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात. आणि मग ते बोलणं सुरू होतं. 'माझ्या बया, आता मला लेकी म्हणून कोण हाक मारंल गं', 'सणाला कुणाची वाट बघू रं दादा'. हेल काढून, लयीत, एकीने सोडलं की दुसरीने धरायचं. त्यात नाती येतात, उपकार येतात, राहून गेलेल्या गोष्टी येतात, आणि कधीकधी सगळ्यांच्या देखत एखाद्या भावकीतल्या माणसाला सुनावलेलंही असतं.

शहरात राहून आलेल्या पोरांना हे नाटकी वाटतं. 'गळे काढू नका' हा वाक्प्रचार आपण टोमणा म्हणूनच वापरतो. आपण मौन पाळतो आणि ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकतो. आयरिश शिकलेल्या मंडळींनी जे केलं, तेच आपण करतोय.

पण जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. त्याही कित्येक पिढ्या बायकांचं गुणगुणणं म्हणून सोडून दिल्या जायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा कळलं की त्यात सासर-माहेर, जात, दुष्काळ, आंबेडकर, सगळ्याचा इतिहास आहे. मयतीच्या बोलण्यासाठी एवढं मोठं काम झालेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. आवाज म्हणून ते हवेत जातं आणि संपतं.

30 सप्टेंबर

आता तेरणेच्या काठी येऊ. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. केंद्र किल्लारीजवळ, तीव्रता 6.2 च्या आसपास. तेव्हा लोहारा हा वेगळा तालुका नव्हता, हा भाग उमरगा तालुक्यात होता. आज लोहारा तालुक्यात असलेलं सास्तूर हे सगळ्यात जास्त फटका बसलेल्या गावांपैकी एक. घरं दगड-मातीची, भिंती जाड, वर मातीचे थरावर थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारं तेच घर झोपेतल्या माणसांवर बसलं. सरकारी आकडा 7,928 मृत्यूंचा. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

या पहाटेबद्दल लिहिताना 'हंबरडा', 'टाहो', 'आक्रोश' हे शब्द येतात, आणि ते खरेच आहेत. पण आपल्या दोन शब्दांचा फरक घेऊन त्या गावात जा. 'वेल' करायला एक जिवंत माणूस पुरतो. 'कीन' करायला काय काय लागतं? समोर प्रेत लागतं. त्याच्यापाशी बसायला वेळ लागतो. गळ्यात पडायला बाई लागते. आणि गेलेल्या माणसाला ओळखणारे, तुमचं बोलणं ऐकून 'हो, असाच होता गं तो' म्हणणारे लोक लागतात.

त्या दिवशी यातलं काय शिल्लक होतं? ढिगारे उपसणं चालू, वरून पाऊस, सामूहिक अंत्यसंस्कार. एका घरातले चौघे गेले तर आधी कुणासाठी बोलायचं? शेजारीण धावून आली असती, पण तीही भिंतीखाली. माहेरची माणसं आली असती, पण माहेर त्याच खोऱ्यातलं, तेही पडलेलं. मदतीला जवान आले, डॉक्टर आले, महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक आले, जीव तोडून राबले. त्यांना हंबरडा ऐकू आला. पण विलाप कळायला तो माणूस माहीत असावा लागतो, आणि बाहेरच्याला तो कसा माहीत असणार?

पुढे पंचनामे झाले, याद्या झाल्या, मदत वाटली गेली. यादी गरजेचीच असते. नाव, वय, गाव, वारस. पण गांधारी जे करते ते यादीत होत नाही. तो विहिरीवर कुणाशी भांडायचा, कुणाच्या लग्नात त्याने खांद्यावरून पाणी वाहिलं, हे सांगायला रांगेत जागा नसते.

मग नवी गावं उभी राहिली. घरं भूकंप सोसतील अशी, रस्ते रुंद, प्लॉट आखीव. जीव वाचण्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, एका घरातली हाक चार घरांत जायची. नवं गाव जुन्याच्या कितीतरी पट जागेवर पसरलं. कोस आठवतोय ना? हाक पोचते तेवढं अंतर. भूकंपाने आणि पुनर्वसनाने मिळून त्या हाकेची मापंच बदलून टाकली.

आपल्यातल्या बहुतेकांचा जन्म त्या पहाटेनंतरचा. दरवर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते, ती आपण मोबाईलवर बघतो. पण तेव्हा चाळिशीत असलेली बाई आता सत्तरी ओलांडून गेलीय. तिच्याजवळ जे बोलणं त्या दिवशी राहून गेलं, ते तिने नंतर कधीतरी बोललं असेल. शेतात एकटीने, किंवा दुसऱ्याच कुणाच्या मयतीत स्वतःच्या माणसाचं नाव घेऊन. खेड्यात हे होतं, तुम्हीही ऐकलं असेल. रडायला गेलेली बाई मध्येच आपल्या जुन्या दुःखाशी बोलायला लागते आणि बाकीच्या तिला बोलू देतात.

त्यामुळे पुढच्या वेळी गावी मयतीला गेलात आणि आतून तो सूर ऐकू आला, तर बाहेर मोबाईल चाळत बसण्याआधी थोडं कान देऊन ऐका. रेकॉर्डिंग करू नका, ते बरं दिसत नाही. फक्त शब्द ऐका. आणि नंतर कधी निवांत वेळ असताना आजीला, मावशीला विचारा, तुमच्या गावात अशा वेळी काय म्हणायच्या, कोण चांगलं बोलायची. तिची परवानगी असेल तर ते लिहून ठेवा, आणि आम्हालाही कळवा. टाहो, हंबरडा, आकांत याच्या पलीकडे तुमच्याकडे या बोलून रडण्याला एखादा वेगळा शब्द असेल, तर तो आधी पाठवा. पुढचा भाग त्याच शब्दांवर करू.