आर्सेनिक गेले, परिणाम राहिला

चिलीतील आंतोफागास्ता हे अटाकामा वाळवंटाच्या कडेचे बंदर. १९५८ साली शहराला अँडीज पर्वतातून येणाऱ्या नदीचे पाणी मिळू लागले. त्यात दर लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा १० आहे. १९७० च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र सुरू झाले आणि हे प्रमाण झपाट्याने उतरले. विषबाधेची सुरुवात आणि शेवट इतक्या नेमकेपणाने क्वचितच सांगता येतात.

तरीही फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढे कित्येक वर्षे चढेच राहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर त्या काळात गर्भात किंवा बाल्यावस्थेत असलेली माणसे तिशी-चाळिशीत फुप्फुसांच्या विकारांनी अधिक प्रमाणात दगावल्याचे दिसले.

आता अडचण पाहा. शरीरात गेलेले बरेचसे आर्सेनिक काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते. डीएनएच्या अक्षरक्रमात थेट बदल घडवण्यातही ते दुबळे आहे. मग परिणाम टिकतो कशात?

शरीर आर्सेनिकला मिथिल गट जोडून ते बाहेर टाकते. हे गट एस-अ‍ॅडेनोसिलमिथिओनिन या रेणूकडून येतात, आणि डीएनएवर मिथिल गट बसवून जनुके बंद ठेवण्यासाठीही पेशी त्याच रेणूवर अवलंबून असते. एकाच कोठारातून दोन खर्च! म्हणून दीर्घकाळ आर्सेनिक मिळाल्यास डीएनएवरील मिथिल गट घटतील, असा तर्क होता. १९९७ साली उंदराच्या यकृतपेशींना अनेक आठवडे अल्प आर्सेनिक दिल्यावर तसेच घडले, आणि त्या पेशी कर्करोगी वळणाच्या झाल्या. पण त्याच वर्षी मानवी फुप्फुसपेशींवरील प्रयोगात उलट दिसले : कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी-५३ जनुकाच्या प्रवर्तक भागावर मिथिल गट वाढले होते. म्हणजे निव्वळ टंचाईचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. एकूण साठा घटत असताना काही मोक्याच्या जागी भर पडू शकते, हे मान्य करावे लागले.

माणसांमधील पुरावा आपल्याकडून आला. पश्चिम बंगालमध्ये जंतुयुक्त तळ्यांना पर्याय म्हणून कूपनलिका खोदल्या गेल्या होत्या. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या कातडीवरील डागांचा संबंध त्यांच्या पाण्यातील आर्सेनिकशी जोडला. २००६ साली याच राज्यातील बाधितांच्या रक्तातील डीएनए तपासला, तेव्हा पी-५३ व पी-१६ या जनुकांच्या प्रवर्तकांवर जादा मिथिल गट आढळले. अर्थात रक्तपेशी म्हणजे फुप्फुसपेशी नव्हेत, आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. आंतोफागास्तातील मृत्यूंचा पूर्ण उलगडा एवढ्याने होत नाही.