‘समय’ : एका लहान शब्दाचा मोठा अर्थविस्तार

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ‘पन्नास वर्षांचा समय’ हे शब्द अनेकांच्या मुखी सहज येतील. समय म्हणजे वेळ, एवढाच अर्थ आज बहुधा आपल्या मनात असतो. तथापि याच तीन अक्षरी शब्दाने आपल्या पूर्वाचार्यांनी काल, सिद्धान्त आणि आत्मा या तिहींचा बोध करून दिला आहे. हा अर्थविस्तार कसा घडला, याचा अल्पसा मागोवा येथे घेत आहे.

‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘इ’ म्हणजे जाणे हा धातू यांपासून ‘समय’ शब्द सिद्ध होतो. एकत्र येणे हा त्याचा मूळ भाव. माणसे एकत्र येऊन जे ठरवितात तो समय. गोष्टी जुळून येतात ती वेळही समय. अमरकोशाने शपथ, आचार, काल, सिद्धान्त आणि करार असे या शब्दाचे पाच अर्थ नोंदविले आहेत. नारदस्मृतीत व्यापारी, कारागीर आणि वेदबाह्य पंथ यांच्या संघांनी आपापसांत ठरविलेल्या नियमांना ‘समय’ म्हटले असून, तो मोडणे हा न्यायनिवाड्याचा स्वतंत्र विषय मानला आहे.

जैन वाङ्मयात या शब्दाला विशेष सूक्ष्मता लाभली. एक परमाणू मंद गतीने एका आकाशप्रदेशातून लगतच्या प्रदेशात जाण्यास जो काल लागतो, तो एक समय. कालाचा याहून लहान भाग संभवत नाही. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असे असंख्यात समय निघून जातात. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना समयमात्रही प्रमाद न करण्याचा उपदेश पुनःपुन्हा करतात. त्या उपदेशाची धार किती तीक्ष्ण आहे, हे ‘समय’चा हा अर्थ जाणल्यावरच कळते.

सूत्रकृतांगाच्या पहिल्या अध्ययनाचे नावच ‘समय’ आहे. तेथे हा शब्द सिद्धान्त या अर्थाने येतो आणि स्वमताबरोबर परमतांचाही विचार केला जातो. आचार्य सिद्धसेनांनी सन्मतितर्कात जितके नयवाद तितके परसमय असे सांगितले. दुसऱ्याचे मत ही वस्तूकडे पाहण्याची एक बाजू असते, ही अनेकान्ताची दृष्टी त्यात आहे.

आचार्य कुंदकुंदांनी हाच शब्द अंतरंगाकडे वळविला. पंचास्तिकायात पाच अस्तिकायांच्या समवायाला ‘समय’ म्हटले आहे, तर समयसारात समय म्हणजे आत्मा. दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य यांत स्थिर असलेला जीव स्वसमय; कर्मपुद्गलांत गुंतलेला तो परसमय. दहाव्या शतकाच्या सुमारास आचार्य अमृतचंद्रांनी आपल्या टीकेत याची व्युत्पत्ती उलगडली : जो एकाच वेळी जाणतो आणि परिणमतो, तो समय. इ. स. 1636 मध्ये आग्र्याच्या कविवर बनारसीदासांनी ‘समयसार नाटक’ रचून हा विषय लोकभाषेत आणला.

‘सामायिक’ हा शब्दही याच कुळातला. आचार्य पूज्यपादांनी समय म्हणजे एकत्वाने जाणे असा अर्थ घेऊन सामायिकाची व्युत्पत्ती दिली आहे. ‘सम’ म्हणजे समभाव आणि ‘आय’ म्हणजे लाभ अशीही फोड केली जाते. दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, श्रावकाने समभावात स्थिर व्हावे, ही आपली परंपरा. आज मात्र ‘सामायिक करावयास समय मिळत नाही’ असे आपण सहज बोलून जातो. ज्या शब्दाचा अर्थ आत्मा, तोच मिळत नाही असे आपण म्हणतो, याची जाणीवही आपल्याला नसते!

संस्था ही देखील एक समयच होय. काही मंडळी एकत्र आली, त्यांनी एक नियम ठरविला आणि त्याची शपथ मनोमन घेतली. पन्नास वर्षे मोजणे सोपे आहे, कारण तो केवळ काल आहे. पूर्वसूरींनी केलेला तो करार आपण पाळला काय, आणि परसमयातून स्वसमयाकडे एक पाऊल तरी टाकले काय, हा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावयाचा आहे. नव्या पिढीच्या हाती संस्थेचा कारभार सोपविताना ‘समय’ या शब्दाचा पूर्ण अर्थही तिच्या स्वाधीन केला, तर हा सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने सार्थ होईल.

॥ जय जिनेंद्र ॥