अण्णांना पान लागलं त्यानंतर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेल्या महिन्यात तळ्याला गेलो होतो, घराची कौलं चाळायची होती. काम दोन दिवसांचं, पण गडी येईपर्यंत चार दिवस गेले. त्या रिकाम्या वेळात केस कापायला बाजारात गेलो. दुकानातला म्हातारा न्हावी मला ओळखून म्हणाला, "तुमच्या अण्णांची दाढी माझा बाप करायचा. पण सापाच्या त्या दुखण्यानंतर महिन्यातनं एकदा जायचा, पुढं पुढं तेवढंपण नाही. दाढी यायचीच नाय त्यांना."

हे मला नवीन होतं.

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. १९७१ साली भातकापणीच्या दिवसांत त्यांना पान लागलं. (आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) घोणस होती. आधी मंत्र-उतारा झाला, पाला लावून झाला, आणि हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर कुणाच्या तरी ट्रकमधून इंदापूर आणि तिथून मुंबई. लघवी बंद झाली होती. महिनाभराने घरी आले तेव्हा सगळ्या वाडीने नारळ फोडले.

त्यानंतरचे अण्णा मात्र वेगळे. पूर्वी तळगडावर दोनदा चढून उतरणारा माणूस ओटीवर बसून राहायला लागला. मे महिन्यातसुद्धा अंगावर घोंगडी. चेहरा पांढुरका, हातपाय बारीक आणि पोट मात्र सुटलेलं. मूलबाळ झालं नाही. घरात सगळे म्हणायचे, विष अंगात मुरलंय. माझी आजी मात्र सरळ "आयतोबा" म्हणायची. मी लहान होतो, मीही म्हटलेलं आठवतंय. १९८४ च्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत गेले.

न्हाव्याची गोष्ट मी माझ्या मावसबहिणीला फोनवर सांगितली. ती डॉक्टर आहे. तिने तीनच प्रश्न विचारले. लघवी बंद झाली होती का? थंडी सहन व्हायची का? नंतर मूल झालं का? मग म्हणाली, "अरे, त्यांची पिट्यूटरी गेली असणार." त्या रात्रीपासून मी यावर वाचतोय. जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, निदान आपल्या घरातल्यांनी तरी वाचावं म्हणून.

पिट्यूटरी, म्हणजे मराठी पुस्तकातली पियुषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. आकार वाटाण्याएवढा. थायरॉइडला, अ‍ॅड्रिनलला, बीजांडांना आणि वृषणांना कामाला लावणारे हुकूम इथून सुटतात. आणि ग्रोथ हॉर्मोन हीच ग्रंथी थेट रक्तात सोडते, जास्त करून रात्री गाढ झोपेत.

ती अशी एकदम मरू शकते हे हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली दाखवलं. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या बायकांची पिट्यूटरी रक्तपुरवठ्याअभावी मरते. मग अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, बाई कायमची थकलेली राहते. २००५ साली काश्मीरमधल्या डॉक्टरांनी पाहणी केली तेव्हा विशीच्या पुढच्या, मूल झालेल्या बायकांत साधारण तीन टक्के अशा निघाल्या. त्यातल्या बहुतेकींची बाळंतपणं घरीच झालेली. आपल्या आज्या-पणज्यांत किती असतील, कोण जाणे.

आता घोणस. तिचं शास्त्रीय नाव ज्याच्यावरून पडलं तो पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमकडे होता, आणि १७९६ साली त्याने भारतीय सापांवर पुस्तक काढलं. घोणशीच्या विषाने रक्त आधी जागोजागी गोठतं, त्यात गोठवणारी द्रव्यं संपून जातात आणि मग रक्त थांबतच नाही. (याच गुणामुळे हे विष आजही प्रयोगशाळेत रक्ताच्या एका तपासणीत वापरतात.) बारीक गुठळ्यांनी मूत्रपिंड बंद पडतं, हे पूर्वीपासून माहीत होतं. पण त्याच गुठळ्या आणि रक्तस्राव पिट्यूटरीतही होतात आणि वाचलेला माणूस शीहानच्या बाळंतिणींसारखा होतो, हे ठळकपणे मांडलं गेलं १९८७ साली, 'लॅन्सेट'मध्ये. ब्रह्मदेशातले डॉक्टर आणि डेव्हिड वॉरेल यांनी तिथल्या भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांवरून ते लिहिलं होतं. दक्षिण भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेलेत. अण्णांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तसं पाहिलं तर दंशाच्या बाबतीत आपला जिल्हा मागे नव्हता. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून किती माणसं वाचवली, आणि तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण विंचवाचा हिशोब तासांत लागतो, घोणशीचा हा दुसरा हिशोब वर्षांत.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते ग्रोथ हॉर्मोनने. नावावरून वाटतं, हे पोरांची उंची वाढवायचं औषध. मेस्सीला लहानपणी दिलं होतं तेच. डॉक्टरांनाही कित्येक वर्षं तसंच वाटत होतं. गाईबैलांचं हॉर्मोन माणसाला चालत नाही, म्हणून ते प्रेतांच्या पिट्यूटरीतून काढावं लागे. १९५८ साली बोस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी ते एका मुलाला देऊन त्याची उंची वाढल्याचं प्रसिद्ध केलं. याच रेबेननी १९६२ साली ३५ वर्षांच्या एका शिक्षिकेबद्दलही लिहिलं. तिची पिट्यूटरी निकामी होती, बाकीची औषधं चालू होती. ग्रोथ हॉर्मोन सुरू केल्यावर दोन महिन्यांत ती सांगायला लागली की अंगात जोर आलाय, काही करावंसं वाटतंय, बरं वाटतंय. उंची वाढायचा प्रश्नच नव्हता.

ही नोंद जवळजवळ पंचवीस वर्षं तशीच पडून राहिली. कारण साधं होतं, माल कमी. मुलांनाच पुरत नव्हता, मोठ्यांना कोण देणार? त्यात १९८५ साली कळलं की प्रेतातून काढलेल्या हॉर्मोनमधून काही मुलांना मेंदूचा एक जीवघेणा रोग झालाय. ते बंद झालं. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवलेलं हॉर्मोन बाजारात आलं आणि टंचाई संपली. मग १९८९ साली डेन्मार्क आणि लंडनमध्ये मोठ्या माणसांवर प्रयोग झाले. लंडनच्या २४ जणांच्या प्रयोगात सहा महिन्यांत चरबी सरासरी ५.७ किलोने घटली आणि चरबी सोडून बाकीचं वजन ५.५ किलोने वाढलं. बारीक हातपाय आणि सुटलेलं पोट! वाचताना मला ओटीवरचे अण्णाच दिसले. अमेरिकेत मोठ्यांसाठी मंजुरी मिळाली ती १९९६ साली.

बहीण म्हणाली, एवढा हळवा होऊ नकोस. अण्णांना आधी लागलं असतं ते स्टेरॉइड. साधी, स्वस्त गोळी. अंगात कॉर्टिसॉल नसेल तर साध्या तापातही रक्तदाब कोसळतो, आणि बहुतेक तेच झालं. त्यानंतर थायरॉइडची गोळी. हा क्रम उलटा करायचा नाही, आधी थायरॉइडची दिली तर जीवावर बेततं. दाढीसाठी टेस्टोस्टेरॉन. ग्रोथ हॉर्मोन सगळ्यात शेवटी, तपासण्या करून, रोज रात्री कातडीखाली इंजेक्शन. त्याचा महिन्याचा खर्च हजारांत जातो, म्हणून आपल्याकडे बहुतेक रुग्णांची गाडी त्याच्या आधीच थांबते. गोळ्यांवर माणूस जगतो, कामही करतो. पण हुरूप येतोच असं नाही.

अर्थात अण्णांच्या रक्ताची अशी तपासणी कधीच झाली नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. पण 'आयतोबा' हा शब्द मी माझ्यापुरता मागे घेतलाय. आजी आता नाही. बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, वाटणीच्या वेळी अण्णांच्या वाट्याचं शेत आजोबांनी स्वतःकडे ठेवलं होतं, "कसणार कोण?" म्हणून. ते शेत अजून आपल्याकडेच आहे.

एक विनंती. १९६९ साली अण्णांच्या लग्नात काढलेला एक फोटो होता, मिशीवाला. आमच्याकडे फक्त नंतरचा आहे, घोंगडी पांघरलेला. पेणच्या किंवा डोंबिवलीच्या मंडळींपैकी कुणाकडे तो लग्नातला असेल तर कळवा, मी येऊन कॉपी काढून घेईन. आणि गावात कुणाला घोणस लागून वाचल्यानंतर असा थकवा, थंडी, दाढी किंवा पाळी बंद असं काही असेल, तर त्यांनाही डॉक्टरला 'पिट्यूटरी' हा शब्द सांगायला सांगा.